गळका नळ

तुमच्या घरी एखादा गळका नळ आहे का? असला, तर आज रात्री एक गोष्ट करा. सगळे झोपले, दिवे मालवले, की थोडा वेळ जागे राहा आणि कान द्या. दिवसा ज्या थेंबाकडे कोणाचे लक्ष जात नाही, तोच थेंब रात्री घरभर ऐकू येतो. टप्... टप्... टप्...

मी नववीत होतो तेव्हा आमच्या घरी असा एक नळ होता. त्या नळाने मला जे शिकवले, ते आज तुम्हांला सांगणार आहे. ते सांगताना मला माझी एक चूकही सांगावी लागेल. चूक सांगायला थोडी लाज वाटते. पण ती वगळली, तर या गोष्टीत सांगण्यासारखे काहीच उरत नाही.

ही १९९४ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आम्ही तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राहत होतो. घर दुमजली होते. खाली दादी, अब्बा, अम्मी, आपा आणि मी राहत होतो. वरच्या मजल्यावर काकू आणि त्यांचे कुटुंब राहत होते. काकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या. पण मला बोलता येऊ लागले तेव्हापासून मी त्यांना काकूच म्हणत आलो होतो. गच्चीवर पाचशे लिटरची एक टाकी होती. ती दोन्ही घरांची मिळून होती. आमच्या गल्लीत तेव्हा दर तिसऱ्या दिवशी पाणी येई. पाणी आले की मोटर लावून टाकी भरायची आणि पुढचे तीन दिवस ती जपून वापरायची, असा नियम होता.

आमच्या अंगणातल्या मोरीवर एक जुना पितळी नळ होता. तो आधी नुसता पाझरू लागला. मी तो जोरात आवळला. दोन दिवस तो गप्प राहिला, मग पुन्हा गळू लागला. मी आणखी जोर लावला. तो पुन्हा थांबला आणि पुन्हा गळू लागला. शेवटी आपा हसून म्हणाली, "आता हा नळ बंद करायला एखादा पैलवान बोलवावा लागेल!"

अब्बा एस. टी.त ड्रायव्हर होते. त्यांच्या मागे सतत ड्यूटी असे. "सुट्टीच्या दिवशी बघू," असे ते म्हणत. सुट्टी येई, पण त्या दिवशी दुसरेच काही काम निघे.

एका रात्री मला झोप येईना. मी उठलो आणि नळाखाली एक मोठे पातेले ठेवले. तेव्हा दहा वाजले होते. सकाळी सहा वाजता मी ते पाणी दुधाच्या लिटरच्या मापाने मोजले. ते सहा लिटर भरले! मी पाटीवर हिशेब मांडला. आठ तासांत सहा लिटर, म्हणजे चोवीस तासांत अठरा लिटर. तीन दिवसांत चौपन्न लिटर. वर्षाचे सहा हजार पाचशे सत्तर लिटर. आमच्या टाकीसारख्या तेरा टाक्या भरून वर थोडे उरेल, इतके पाणी एका वर्षात थेंबाथेंबाने मोरीत जाणार होते.

हिशेब बरोबर होता. पण हिशेब समजला म्हणजे कामही समजले, असे मला वाटले. माझी चूक इथूनच सुरू झाली.

तो मंगळवार होता. आदल्याच दिवशी टाकी भरली होती. पुढचे पाणी गुरुवारी येणार होते. अब्बा मुक्कामाची गाडी घेऊन गेले होते. अम्मी बाजारात गेली होती. मी विचार केला, अब्बा परत येण्याआधी आपणच नळ दुरुस्त करू. ते किती खूश होतील! मी पत्र्याच्या पेटीतून त्यांचा पाना काढला. मिस्त्री नळाचे डोके उलटे फिरवून काढतात, हे मी कधी तरी पाहिले होते. मी पाना लावला आणि सगळे अंग टाकून तो फिरवला.

डोके आधी हलेना. मग ते एकदम सुटले आणि दांडीसकट माझ्या हातात आले. त्याबरोबर पाण्याचा जाड फवारा माझ्या तोंडावर आदळला. मी डोके परत बसवायला गेलो. पण पाण्याच्या जोरापुढे आटे जुळेनात. तळहाताने भोक दाबले, तर बोटांमधून कारंजी उडू लागली.

तेव्हा मला टाकीची चावी आठवली. मी धावत गच्चीवर गेलो. टाकीच्या तळाशी, पाईपवर, एक चावी होती. ती बंद केली की सगळ्या घराचे पाणी बंद होते. पण ती कित्येक वर्षांत कोणी फिरवलीच नव्हती. गंजून ती जागच्या जागी घट्ट झाली होती. मी दोन्ही हातांनी जोर लावला. माझे तळवे सोलले, पण चावी तसूभरही हलली नाही.

मी खाली आलो. आपा ओरडत नव्हती, रडतही नव्हती. "थांबत नाही ना? मग भरून घे!" एवढेच ती म्हणाली. तिने फवाऱ्याखाली बादली धरली. मग दुसरी बादली, हंडा, कळशी, पातेली, कपडे भिजवायचे घमेले, जे हाताला लागेल ते ती भरत गेली. भांडी संपली, पण पाणी संपले नाही. ते अंगणातून वाहत गटाराला मिळाले. वीस-पंचवीस मिनिटांत फवारा बारीक झाला, आणि मग थांबला. टाकी रिकामी झाली होती.

आता मी तुम्हांला माझी खरी चूक सांगतो. चावी न बघता नळ उघडला, ही चूक होतीच. पण ती अजाणतेपणाची होती. दुसरी चूक मी जाणूनबुजून केली. पाणी वाहत होते तेव्हा मी दोनदा काकूंच्या दारावरून गेलो. एकदा गच्चीवर जाताना आणि एकदा खाली येताना. मी एक हाक मारली असती, तर काकूंनीही चार भांडी भरून घेतली असती. मी हाक मारली नाही. हाक मारली तर सगळ्यांना कळेल, अशी मला भीती वाटली. काकूंच्या घरी त्यांच्या सुनेचे बारा दिवसांचे बाळ होते. त्या घराला आमच्यापेक्षाही पाण्याची जास्त गरज होती. हे मला माहीत होते, तरीही मी गप्प राहिलो.

"पाईप आपोआप फुटला, असं सांगू या," मी आपाला म्हणालो.

आपाने उत्तर दिले नाही. तिने भरलेल्या दोन बादल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "या वर घेऊन जा. काय सांगायचं ते जिना चढताना ठरव."

आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. त्या मी रोज धावत चढत असे. त्या दिवशी दोन बादल्या घेऊन मी एकेक पायरी चढलो. पाणी हिंदकळून पायांवर सांडत होते. वर पोहोचलो तेव्हा काकू मोरीत उभ्या होत्या. त्यांच्या नळातून नुसता खर्र असा हवेचा आवाज येत होता. बाळाची दुपटी साबण लावून ठेवलेली होती.

"अरे, टाकी कालच तर भरली होती," काकू म्हणाल्या. "काय झालं रे?"

पाईप आपोआप फुटला, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. तेवढ्यात आतून बाळ रडल्याचा आवाज आला.

"काकू, माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "नळ मी उघडला. मला बंद करता आला नाही. आणि तुम्हांला हाक मारायला हवी होती, तीही मी मारली नाही."

काकू काहीच बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्यांनी एक बादली उचलून आत ठेवली. दुसरी त्यांनी माझ्याकडे परत सरकवली.

"ही खाली ने," त्या म्हणाल्या. "दादींना वजूला लागेल. आणि पुढच्या वेळी आधी हाक मार."

मुलांनो, दुपटी साबणात पडली होती, आणि काकूंना माझ्या दादीच्या वजूची आठवण होती. ती परत आलेली बादली मला आजही आठवते. जाताना दोन बादल्या जड वाटल्या नव्हत्या, तेवढी येताना ती एक बादली जड वाटली. संध्याकाळी दादीने एका छोट्या लोट्यात वजू केला. ते पाणीही वाया जाऊ नये, म्हणून ती पुदिन्याच्या कुंडीजवळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकातल्या नळाच्या मिस्त्रींना बोलावून आणले. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. चाचांनी सगळे ऐकून घेतले आणि पिशवी खाली ठेवली. मला वाटले, आता ते काम सुरू करतील. पण ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "बेटा, नळ तू उघडलास. आता बंदही तूच कर. मी सांगतो तसं कर."

त्यांनी आधी मला नळाचे पोट दाखवले. आत पितळेची एक गोल कड होती. तिच्या मधल्या भोकातून पाणी वर येते. त्या कडेला चाचा बैठक म्हणत. नळाच्या दांडीच्या टोकाला रबराची एक छोटी चकती असते. तिला वॉशर म्हणतात. आपण नळ बंद करतो तेव्हा दांडी खाली उतरते, वॉशर बैठकीवर दाबला जातो आणि पाण्याची वाट बंद होते. नळ उघडतो तेव्हा वॉशर वर उचलला जातो आणि वाट मोकळी होते. नळाची सारी करामत एवढीच असते.

मग त्यांनी आमचा जुना वॉशर माझ्या हातावर ठेवला. तो लाकडासारखा कडक झाला होता. त्यावर बैठकीचा गोल खड्डा पडला होता आणि एका बाजूला चीर गेली होती. पाणी त्या चिरेतून येत होते.

"रबर जुनं झालं की कडक होतं," चाचा म्हणाले. "मग नळ नीट बसत नाही. माणूस काय करतो? जोर लावतो. जोर लावला की रबर आणखी फाटतं. तू जोर लावून नळ दुरुस्त करत नव्हतास, बिघडवत होतास."

आपा माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घातली.

चाचांच्या सांगण्याप्रमाणे मी बोटाने बैठक चाचपली. ती गुळगुळीत होती. "ती खरबरीत असती, तर नवा वॉशरही लवकर खराब झाला असता," ते म्हणाले. मग मी जुना वॉशर काढून त्याच मापाचा नवा बसवला. जुन्या ब्रशने आटे घासून साफ केले. दांडीच्या भोवती सुताचा धागा गुंडाळला. त्यामुळे दांडीच्या बाजूने पाणी पाझरत नाही. डोके आधी नुसत्या हाताने फिरवत बसवले. हाताने फिरेनासे झाले, तेव्हाच पाना लावला आणि बेताने आवळला. आटे वाकडे बसले असतील, तर ते हाताला आधी कळते, पान्याला कळत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्यानंतर चाचा मला गच्चीवर घेऊन गेले. त्यांनी टाकीच्या गंजलेल्या चावीवर तेल सोडले आणि अर्धा तास ती तशीच ठेवली. मग ती थोडी पुढे, थोडी मागे, असे करत हळूहळू मोकळी केली. काल माझ्या सगळ्या ताकदीला न हललेली चावी आज माझ्या एका हाताने फिरली.

"पाना हातात घेण्याआधी पाणी कुठून येतं ते बघावं," चाचा म्हणाले. "ही चावी आधी, नळ नंतर. आणि चावी महिन्यातून एकदा फिरवत जा. जी चावी कधी फिरत नाही, ती गरजेच्या वेळीही फिरत नाही."

त्यांनी वॉशरचा एक रुपया घेतला. मजुरी विचारली, तर म्हणाले, "मजुरी तू केलीस. मी तर नुसता बसलो होतो."

त्या रात्री अब्बा आले. या वेळी मी कोणी विचारायची वाट पाहिली नाही. त्यांनी पाणी पिण्याआधीच मी सगळे सांगून टाकले. काकूंना हाक मारली नाही, हेही सांगितले. अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "चावी आता फिरते का?" मी "हो" म्हणालो. "चावी बघणं माझं काम होतं," ते म्हणाले. "मीही ते टाळत आलो." त्या रात्री माझ्या चुकीत अब्बांनीही आपला वाटा उचलला.

गुरुवारी पाणी आले. टाकी भरली. काकूही जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी नळ उघडला आणि दोन बोटांनी बंद केला. एक थेंब लोंबकळत राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. तो पडला आणि त्याच्या मागे दुसरा आला नाही.

शुक्रवारी नमाजानंतर अब्बा मला पाणचक्कीवर घेऊन गेले. तुम्ही ती पाहिली नसेल, तर कधी तरी जरूर पाहा. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर यांनी या शहरासाठी नहरी बांधल्या. तेव्हा विजेचे पंप नव्हते. जमिनीला असलेला उतार ओळखून जमिनीखालून पाणी शहरात आणले होते. पुढच्या काळात पाणचक्की झाली. डोंगराकडून नळांतून आलेले पाणी उंचावरून खाली पडे आणि त्या जोरावर पिठाचे जाते फिरे.

हौदाच्या काठावर बसून अब्बा म्हणाले, "हे ज्यांनी बांधलं, त्यांचं नाव सगळे घेतात. घेतलंच पाहिजे. पण बांधल्यावर याचे नळ साफ कोणी केले? सांधे कोणी बुजवले? त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. ते नसते, तर हे पाणी कधीच थांबलं असतं."

आता आमच्या शहराचे पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून येते. गोदावरीवरचे हे धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. तेथून कित्येक किलोमीटर पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. एवढा प्रवास करून आलेले पाणी शेवटच्या दोन बोटांवर येऊन एका छोट्याशा वॉशरसाठी वाया जावे, हे बरे नाही.

म्हणून तुम्हांला सांगतो, तुमच्या घरातली मुख्य चावी कुठे आहे, ते आजच शोधून ठेवा. ती फिरते का, ते मोठ्या माणसांना विचारून बघा. नळ गळत असेल, तर जोर लावू नका; वॉशर बदला. रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. रात्रभर कोणी पाणी वापरले नाही, तरी सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर कुठे तरी पाणी गळते आहे, हे ओळखा. हल्ली पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ आले आहेत. त्यांत रबराच्या वॉशरऐवजी भाजलेल्या मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन चकत्या असतात. त्यांचा आतला भाग पूर्णच बदलतात. पण नळ जुना असो की नवा, आधी चावी आणि मग पाना, हा नियम बदललेला नाही.

या गोष्टीत आलेले किती तरी शब्द तुमच्या ओळखीचे निघाले असतील. दुरुस्ती, हौद, नहर, हिशेब, करामत हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. दोन भाषांनी ते आमच्या टाकीसारखे मिळून वापरले आहेत.

आणि एक शेवटची गोष्ट. नळासारखी माणसाच्या हातूनही चूक होते. ती लपवून ठेवली, तर ती रात्रंदिवस मनात टपटपत राहते. अशा वेळी जिना कितीही उंच वाटला तरी चढून जा आणि खरे सांगा. गुरुवारच्या त्या रात्री मी अंथरुणात पडून खूप वेळ कान दिला. नळाचा आवाज येत नव्हता. वरच्या मजल्यावर काकू बाळाला झोपवत होत्या, तेवढे मात्र ऐकू येत होते. मग मला केव्हा झोप लागली, ते कळलेच नाही.